नाताळचें ताट

मराठी घरांत सणाची पहिली चाहूल स्वयंपाकघरांतून लागते. तळणीच्या तुपाचा वास आला कीं दिवाळी जवळ आली, तीळ भाजल्याचा वास आला कीं संक्रांत आली, हें लहान मूलही ओळखतें. सातारा, वाई, मिरज, सांगली या गांवांतील ख्रिस्ती वस्त्यांमध्यें तोच तुपाचा वास दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यांनीं पुन्हां एकदां दरवळतो. डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला कीं घरोघर रवा चाळला जातो, खोबरें किसलें जातें, करंज्यांचें सारण परतलें जातें. आणि नाताळची उपासना आटोपली कीं विणलेल्या रुमालाखालीं झांकलेलीं ताटें शेजारीपाजारीं निघतात. हा रिवाज आतां इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्याला कांहीं इतिहास असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु ताट पाठविणें एक आणि तें घेतलें जाणें दुसरें. या भागांत नाताळचें ताट शेजारच्या घराचा उंबरठा ओलांडून आंत जावयास बराच काळ लोटावा लागला. त्या काळाची हकीकत हीच या मिठाईची खरी हकीकत होय.

‘नाताळ’ हा शब्दच मुळीं दूरचा प्रवास करून आलेला आहे. पोर्तुगीज भाषेंत या जन्मोत्सवाला ‘नाताल’ म्हणतात. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें जिंकलें, १५३४ मध्यें वसई त्यांच्या हातीं आली, आणि १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं ती परत घेईपर्यंत उत्तर कोंकणचा तो पट्टा त्यांच्या अमलाखालीं राहिला. या सहवासांत मराठीला ‘नाताळ’ मिळाला, ‘पाव’ मिळाला, ‘बटाटा’ आणि ‘काजू’ही मिळाले. गोव्याच्या पाववाल्यांनीं माडाच्या सुरेनें पीठ फुगवून भट्टी पेटविली. नाताळांत शेजाऱ्यांकडे पाठविण्याच्या मिठाईच्या ताटाला गोव्यांत पोर्तुगीज शब्दावरून ‘कोन्सुआद’ म्हणतात, मंगळूरकडे ‘कुसवार’ म्हणतात. त्या ताटांत दोदोल असतो, कलकल असतात. पण त्याबरोबरच जी ‘नेवरी’ मानानें मिरविते ती म्हणजे देशावरची करंजीच होय. माणसांचा धर्म पालटला, नांवें पालटलीं; करंजीला मुरड घालण्याची बोटांची संवय मात्र पालटली नाहीं.

पावाची गोष्ट निराळी झाली. विहिरींत पाव टाकून सारें गांव बाटविल्याच्या कथा कोंकणांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात. त्या कथांतील खरें-खोटें कांहींही असो; पाव हें बाटण्याचें साधन आहे ही समजूत मात्र खरीखुरी होती, आणि ती घाट चढून देशावरही आली होती. बायबलाच्या मराठी भाषांतरकारांनीं ‘पाव’ हा शब्द बाजूस ठेवून ‘भाकर’ हा शब्द पसंत केला. ज्या बेथलेहेम गांवीं येशू ख्रिस्ताचा जन्म झाला असें मानतात, त्या नांवाचा इब्री भाषेंतील अर्थ ‘भाकरीचें घर’ असा आहे. तेव्हां या सणांत खाण्याला व वांटून खाण्याला एवढें महत्त्व यावें यांत नवल नाहीं.

सातारा-सांगलीकडे ख्रिस्ती धर्म समुद्रमार्गें न येता इंग्रजी अमलाच्या पाठोपाठ आला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वरीं थंड हवेचें ठाणें वसलें. तेथील तुरुंगांत ठेवलेल्या चिनी कैद्यांच्या हातून बटाटे आणि स्ट्रॉबेरी यांची लागवड झाली. १८३४ मध्यें अमेरिकन मराठी मिशनचे ॲलन ग्रेव्ह्‌ज महाबळेश्वरीं येऊन राहिले. १८४८ मध्यें साताऱ्याचें राज्य खालसा झालें आणि पुढच्याच वर्षीं मिशनचें ठाणें सातारा शहरांत आलें. पुढें जॉन चेसन यांच्या खटपटीनें पांचगणी वसली आणि तिच्या निवासी शाळा नांवारूपास आल्या. दक्षिणेस पटवर्धनांच्या संस्थानांत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननें काम मांडलें. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्यें हिंदुस्थानांत आले, प्रथम सांगलीस दवाखाना चालविला, आणि १८९४ मध्यें त्यांचें मिरजेचें रुग्णालय उघडलें. सांगली आणि मिरज यांच्या दरम्यानची वानलेसवाडी आजही त्यांचें नांव सांगते.

या साहेबमंडळींबरोबर त्यांचा नाताळ आला, आणि नाताळबरोबर प्लमकेक आला. नांवांत ‘प्लम’ असला तरी त्यांत आलुबुखार शोधूं जाणाऱ्याची निराशाच होते. कारण जुन्या इंग्रजींत मनुका-बेदाण्यांनाच ‘प्लम’ म्हणत. युरोपांत नाताळपूर्वीचे आठवडे व्रतस्थपणें घालविण्याची चाल होती. त्या काळांत लोणी वर्ज्य असे. जर्मनींतील सॅक्सनीच्या लोकांना नाताळच्या पावांत लोणी घालण्याची परवानगी पोपकडून १४९१ मध्यें मिळवावी लागली! व्रत संपलें कीं लोणी, अंडीं, सुका मेवा आणि मसाले यांची एकच चंगळ उडे. इंग्लंडांत नाताळनंतरच्या बाराव्या दिवशीं कापावयाचा मोठा केक एकोणिसाव्या शतकांत मागें पडला व त्याची जागा नाताळच्या केकनें घेतली. म्हणजे ज्याला आपण फार पुरातन समजतों, तो नाताळचा केक आजच्या रूपांत विशेष जुना नाहीं. हिंदुस्थानांत तो प्रथम १८८३ मध्यें केरळांतील तलश्शेरी येथें मांबळ्ळी बापू यांच्या भट्टींत तयार झाला, अशी हकीकत सांगतात.

इंग्रजी अमलांत नाताळची जी देणगी सर्वांच्या डोळ्यांत भरे ती मात्र निराळीच होती. तिला ‘डाली’ म्हणत. डाली म्हणजे टोपली. नाताळच्या सकाळीं कंत्राटदार, इनामदार, व्यापारी आणि हाताखालचे अंमलदार फळें, मेवा, मिठाई, केक यांनीं सजविलेल्या डाल्या साहेबाच्या बंगल्यावर पाठवीत. वर फुलांचे हार, खालीं काबूलचे मनुके, अक्रोड, बदाम. आणि कधीं कधीं त्याहूनही खालीं असें कांहीं, कीं ज्याच्यामुळें सरकारला आपल्या नोकरांसाठीं नियम करावे लागले. फळें-फुलें घ्यावींत, मौल्यवान वस्तु घेऊं नयेत, असा त्या नियमांचा आशय असे. डाली नेहमीं खालून वर जाई. तींत गोडी होती, परंतु स्नेह असेलच असें नव्हतें. देणारा मनांत कांहीं हिशेब मांडून देई आणि घेणारा तो हक्कानें घेई. साहेब गेला तशी डालीही गेली. टिकलें तें दुसरेंच एक देणें. तें साहेबाच्या बंगल्यांत नव्हे, साध्या घरांत जन्मलें होतें.

या भागांत ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला त्यांपैकीं बहुतेक कुटुंबें त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या जातींतील होतीं. थोडीं इतर जातींतील, ब्राह्मणांतीलही होतीं. त्यांच्या घरीं ना लोखंडी भट्टी होती ना केकचे सांचे. मडमेच्या स्वयंपाकघरांत काम करणाऱ्यांनीं किंवा मिशनच्या शाळेंत शिकलेल्या मुलींनीं केकची कृति पाहिली, आणि घरीं येऊन ती आपल्या चुलीशीं जुळवून घेतली. जाड बुडाच्या पातेल्यांत मिश्रण ओतावयाचें, झांकण ठेवावयाचें, खालीं मंद आंच आणि झांकणावर निखारे. एवढ्यावर केक फुगे. पण केक हा कौतुकाचा पदार्थ. सणाचें ताट भरावयाचें तें फराळानेंच. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, रव्याचे लाडू, अनारसे, चिवडा हे जिन्नस आजी-पणजींनीं जसे केले तसेच केले जात. दिवाळीचा फराळ हा एका धर्माचा आहे असें या घरांतील बायकांना वाटलें नाहीं. तो आपल्या मुलखाचा आहे, एवढेंच त्यांना ठाऊक होतें.

केक आणि फराळ यांच्या मध्यें एक तिसरा पदार्थ उभा राहिला. तो म्हणजे नानकटाई. ‘नान’ म्हणजे फारशींत रोटी. सुरतेच्या डच वखारींत चालणारी भट्टी पुढें दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि तेथूनच नानकटाईचा प्रसार झाला, असें सांगतात. मैदा, तूप, पिठीसाखर, थोडासा रवा आणि वेलदोडा. अंड्याचें नांव नाहीं. घरीं पीठ मळावयाचें, फेसलेल्या तुपांत तें हलक्या हातानें एकजीव करावयाचें, गोळे चपटे करून पत्र्याच्या तबकांत मांडावयाचे, आणि तें तबक गांवांतल्या बेकरींत नेऊन भाजून आणावयाचें, ही रीत महाराष्ट्रांतील बहुतेक गांवांत पुष्कळ वर्षें चालत आली. सणाच्या दिवसांत बेकरीच्या दारांत निरनिराळ्या घरचीं तबकें एकाच भट्टीची वाट पाहत रांगेनें उभीं असत. ज्या भट्टींत पाव भाजला जातो त्याच भट्टींत आपल्या घरची नानकटाई भाजून आणावी, हें ज्या दिवशीं पांढरपेशा घरांना चालूं लागलें, त्या दिवशीं एक मोठी गोष्ट घडली. पण तिचा गाजावाजा कोणीं केला नाहीं.

ही गोष्ट मोठी कां, हें समजण्यास आणखी मागें जावयास हवें. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील नामांकित मंडळी जमलीं होतीं. त्यांच्यापुढें चहा आणि बिस्किटें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं नुसता हात लावला, कोणीं बाजूस सारलीं. गोपाळराव जोशी यांनीं जमलेल्या मंडळींचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापविलीं आणि गांवांत ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. न्यायमूर्ति रानड्यांनीं अखेर प्रायश्चित्त घेतलें. लोकमान्य टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें दाखविलें. एका पेला चहानें आणि बिस्किटाच्या तुकड्यानें महाराष्ट्रांतील पहिल्या प्रतीचीं माणसें धर्मपीठापुढें उभीं राहिलीं. जेथें मोठ्यांची ही कथा, तेथें साताऱ्याच्या एखाद्या आळींतील सामान्य गृहस्थानें मिशनच्या कंपाउंडांतून आलेल्या करंजीला कसा हात लावावा?

साताऱ्याकडे तर यापेक्षांही कठोर अनुभव होते. १९०१ मध्यें नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर आपल्या भावंडांसह वडिलांना भेटावयास साताऱ्याहून निघाले. मसूर स्थानकावरून पुढें बैलगाडीचा प्रवास होता. मुलांजवळ खाण्याचा डबा भरलेला होता. परंतु वाटेंत पाणी द्यावयास कोणी तयार होईना, आणि पाण्यावांचून घांस घशाखालीं उतरेना. भरल्या डब्याशेजारीं तीं मुलें उपाशी निजलीं. खाण्याचा प्रश्न त्या काळीं केवळ अन्नाचा नव्हता; तें कोणाच्या हातचें आहे, याचा होता.

तथापि शिवाशिवीच्या कोटालाही कांहीं दिंड्या होत्या. कोरडा शिधा, फळें, साखर, सुका मेवा हे जिन्नस ज्याच्या हातचें शिजलेलें चालत नसे त्याच्याकडूनही घेतां येत. दुधांत भिजवलेल्या पिठाच्या दशम्या प्रवासांत निर्धास्त मानल्या जात. पाण्यांत शिजलेलें सर्वांत नाजूक. दूध-तुपांत झालेलें त्या मानानें सोशिक. म्हणून नाताळच्या ताटाचा प्रवासही टप्प्याटप्प्यानें होणें साहजिक होतें. आधीं केळीं, पेरू आणि खडीसाखर, मग दुधांत भिजवून तुपांत तळलेले शंकरपाळे व करंज्या, मग नानकटाई, आणि सर्वांत शेवटीं, तोही सर्व घरीं नव्हे, अंडें घातलेला केक. शिवाय घेणें आणि खाणें यांतही अंतर असे. शेजारधर्म म्हणून ताट घेतलें, आणि मागच्या दारानें तें गायीपुढें ठेवलें, असेंही होई. पाठविणारी बाई हें जाणत नसे असें नाहीं. जाणूनही तिनें दुसऱ्या वर्षीं ताट पाठविलें, यांतच त्या रिवाजाचें सामर्थ्य होतें.

याच कालखंडांतील एका घराची साक्ष मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. एकत्र राहूं लागल्यावरही त्या आरंभीं आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळें ठेवीत. एकाच छपराखालीं पतिपत्नींच्या दोन चुली! पुढें विचारांतीं त्यांनीं तें सोवळें सोडलें आणि १९०० मध्यें स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं, तेव्हां हजारों घरांनीं ही हकीकत हंसत व डोळे पुसत वाचली. खाण्यापिण्याची भिंत आधीं मनांत पडावी लागते आणि मगच घरांत पडते, हें त्या पुस्तकानें उपदेशाविना सांगितलें. टिळक स्वतः आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यास येऊन राहिले. १९१७ मध्यें मिशनचें काम सोडून त्यांनीं तेथें ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांनीं आणि न घेतलेल्यांनींही एकत्र यावें, अशी त्यामागील कल्पना होती. १९१९ मध्यें टिळक निवर्तले आणि तो प्रयत्न फार वाढला नाहीं; पण साताऱ्याच्या मातींत हा विचार एकदां बोलला गेला, हें विसरतां येत नाहीं.

भिंती पडल्या त्या एकट्या विचारानेंही नव्हे. मिरजेच्या रुग्णालयांत सर्व जातींचे रोगी आले आणि ज्यांच्या हातचें पाणी चालत नसे त्यांच्याच हातून औषध घेऊन बरे झाले. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं गंगाराम कांबळे यांना चहाचें दुकान घालून दिलें आणि स्वतः तेथें जाऊन चहा घेतला. १९१० मध्यें कुंडलजवळ माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडी वसविली. तेथें यंत्राशेजारीं यंत्र आणि माणसाशेजारीं माणूस उभें राहिलें. तेथूनच १९३० पासून निघणाऱ्या ‘स्त्री’ मासिकानें सुशिक्षित गृहिणींना घराबाहेरचें जग दाखविलें. १९५० मध्यें अंमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. आणि १९७० मध्यें सांगली जिल्ह्यांतील कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें वाटी-चमच्याचीं मापें देऊन पाककृति कोणालाही करतां येईल अशी केली. पदार्थ कोणाच्या घरचा, हा प्रश्न मागें पडून तो कसा करावयाचा, हा प्रश्न पुढें आला. शेजारणीकडे ताट आलें कीं तिनें केकची कृति विचारावी, आणि पाठविणारीनें करंजीच्या पातळ पारीचें गुपित विचारावें, अशी देवघेव सुरू झाली.

या इतिहासाला एक गंमतीचें वळण शेतांतून मिळालें. १९४९ मध्यें जुन्या जिल्ह्यांतून दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० मध्यें त्याला सांगली हें नांव मिळालें. याच जिल्ह्याच्या तासगांवकडील शेतकऱ्यांनीं द्राक्षाच्या बागा उभ्या केल्या, ‘तास-ए-गणेश’सारखी जात निवडून वाढविली, आणि विक्रीवांचून राहणाऱ्या द्राक्षांचा बेदाणा करण्याचें तंत्र आत्मसात केलें. द्राक्षें विशिष्ट द्रावणांत बुडवून जाळीच्या फळ्यांवर सावलींत वाळविलीं कीं सुमारें दोन-तीन आठवड्यांत बेदाणा होतो. सांगलीची बाजारपेठ हळदीइतकीच बेदाण्यासाठीं प्रसिद्ध झाली, आणि २०१६ मध्यें सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालें. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला तें २०१० मध्येंच मिळालें होतें. ज्या केकसाठीं पूर्वीं काबूलचे मनुके डालींतून येत, त्याचा जीव कीं प्राण असा बेदाणा आतां येथल्याच रानांत पिकतो. परकीय म्हणून ज्या पदार्थाकडे बोट दाखविलें, त्याचें मुख्य द्रव्य आज येथील कृष्णाकांठच्या शेतकऱ्याच्या घामाचें आहे.

आज नाताळच्या दिवशीं सातारा-सांगलीकडे केक मिळविण्यास पातेल्यावर निखारे ठेवावे लागत नाहींत. बेकऱ्यांच्या कपाटांत तो महिनाभर आधींपासून मांडलेला असतो. अंडें न चालणाऱ्यांसाठीं बिनअंड्याचाही असतो. घरीं विजेच्या भट्ट्या आल्या आहेत. सोय वाढली याचें वाईट मानण्याचें कारण नाहीं. परंतु विकतचा खोका एका घरून दुसऱ्या घरीं जातो तेव्हां त्यांत देणाराचा पैसा असतो, त्याचा हात नसतो. आणि या भागांतील सारी लढाई तर हातासाठींच झाली होती. अमक्याच्या हातचें चालतें कीं नाहीं, या एका प्रश्नावर पिढ्या झगडल्या. तेव्हां घरीं वळलेली वेडीवांकडी करंजी आणि पातेल्यांत किंचित करपलेला केक यांचें मोल बाजाराच्या तराजूंत करतां येणार नाहीं.

मराठी घरांची एक जुनी चाल आहे. शेजाऱ्याचें भांडें रिकामें परत करावयाचें नाहीं. निदान चिमूटभर साखर तरी त्यांत घालावयाची. दिवाळींत गेलेल्या ताटाची परतफेड नाताळांत होते, नाताळांत आलेल्या ताटांत संक्रांतीचा तिळगूळ जातो, ईदेच्या शिरखुर्म्याची वाटी करंज्यांनीं भरून परत येते. कोणाचें देणें कोठें फिटलें आणि कोणाचें राहिलें, याचा हिशेब मग कोणालाच लागत नाहीं. तसा तो लागूं नये, यासाठींच तर हीं ताटें फिरत असतात.